अत्तींनी बॉसला सोमवारी सोडलं

आमच्या अत्तींशी वाद घालून जिंकलेला माणूस अख्ख्या सोलापुरात मला तरी भेटलेला नाही. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शरणम्मा. बाजारात भाजीवाले त्यांना लांबून येताना बघूनच भाव उतरवायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय चालता झाला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, येईल हात, पण हलवायला हवा. व्यायाम शिकवणारी मुलगी दाबायला रबरी चेंडू देऊन गेली. अत्तींनी तो खिडकीतून भिरकावला. "मी काय तान्हं बाळ हाय?" वळसंगला भाचीचं लग्न निघालं, तिकडंही गेल्या नाहीत. पंगतीत डाव्या हातानं जेवण्यापेक्षा उपाशी बरी, म्हणाल्या. हात आला नाही तर ही बाई स्वतःला खोलीत कोंडून घेणार, हे मला दिसत होतं. जीव नुसता तुटायचा माझा.

मला गेमचा लई नाद. लग्न होऊन आले ती दागिन्यांच्या डब्याबरोबर कन्सोल घेऊनच, त्यावरून अजून टोमणे खाते. तेव्हा मी राक्षसांच्या गडांचा एक गेम खेळत होते. प्रत्येक गडाच्या शेवटी एक दांडगा शत्रू उभा असतो. त्याला बॉस म्हणतात, आणि त्याला पाडल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. माझी गाडी अडली होती एका दगडी राक्षसापाशी. रोज मरत होते, आणि पलंगावरून अत्ती रोज शिकवत होत्या.

"अगं, गदा उचलली की त्यानं! पळ की! डोळं हायत का बटणं?"

एकदा माझं डोकं सणकलं. "मग तुमीच खेळा की!" म्हणून हातातला बटणांचा कंट्रोलर त्यांच्या मांडीवर आदळला.

"थांब," अत्ती म्हणाल्या. "बघते त्याच्याकडं."

मी सेटिंग बदलून तलवार डाव्या हाताला दिली. वार चुकवून उडी मारायचं बटण मात्र उजव्या अंगठ्याखालीच ठेवलं, मुद्दाम. पण अत्ती कसल्या चुकवतात! सरळ अंगावर धावून जायच्या आणि गदा खाऊन आडव्या व्हायच्या. "ए हुच्चा!" त्या ओरडायच्या. हुच्चा म्हणजे कन्नडमध्ये येडा.

आणि मग सोमवार आला. सोमवारी अत्ती सिद्धरामेश्वराचा उपास धरतात. मला वाटलं, आज खेळणार नाहीत. तर म्हणाल्या, "खेळते, पण मारायची न्हाय. सोमवारी हातनं जीव जायचा न्हाय."

"अहो, तो खोटा आहे."

"मारायची इच्छा तर खरी हाय की!"

आता बोला! तलवार बंद, म्हणजे उरलं एकच बटण. राक्षस गदा आपटायचा आणि अत्ती दात-ओठ खात उजव्या अंगठ्याशी झगडायच्या. आधी अंगठा हलेचना. मग कुठंतरी कधीतरी एक उडी बसली. माझा नवरा गुरुशांत चहा घेऊन दारातच थांबला. त्याचे डोळे भरले होते, आणि चहावर साय धरली तरी आम्ही दोघं हललो नाही.

दर सोमवारी अत्ती जास्त वेळ जगू लागल्या. राक्षस कधी डावीकडून मारतो, कधी दमून थांबतो, सगळं त्यांना पाठ झालं. व्यायामवालीलाही मग त्यांनीच बोलावणं धाडलं. "बोटं पण चालू कर गं. नुसत्या अंगठ्यानं भागंना." उन्हाळा असा गेला. चेंडू तेवढा मी नवा आणला.

मग एका मंगळवारी संध्याकाळी जमलं सगळं. अत्तींनी गदा चुकवली, पुन्हा चुकवली, तो दमल्यावर तलवार घातली. मी शेजारीच बसलेले. दगडी राक्षस गुडघ्यावर आला, डगमगला आणि धाडदिशी कोसळला.

"पाडलं! पाडलं गं त्याला!" असं ओरडत अत्तींनी माझ्या पाठीत सणसणीत रट्टा घातला.

"काय ओ अत्ती!" मी कळवळून वळले. बघते तर त्यांच्या डाव्या हातात कंट्रोलर तसाच घट्ट धरलेला.

अत्ती आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या. मला रडू आवरेना. मी पाठ त्यांच्याकडं केली आणि म्हणाले, "अजून एक घाला की."