कॅलेंडरात नसलेली खिडकी

सूर्यकांत दळवीनं प्राग शहर पाहिलं ते आधी शारजात, आणि तेही स्वतःच्या हातानं उभं करून.

मुंबईत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता तो आखातात आला आणि शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात प्रदर्शनांचे स्टॉल बांधू लागला. अठ्ठ्याण्णव साली दुबईतल्या हिवाळी जत्रेसाठी त्याला युरोपातला एक जुना चौक उभारायचं काम मिळालं. नमुना म्हणून हातात काय, तर एका ट्रॅव्हल एजन्सीचं, प्रागच्या चौकाचा फोटो असलेलं कॅलेंडर! मनोरे, घड्याळ, रंगीत घरं सगळं त्यात होतं. फक्त कोपऱ्यातल्या पिवळ्या घराच्या अर्ध्या भिंतीवर एजन्सीचं नाव आणि फोन नंबर छापलेला. त्याखाली काय असेल, देव जाणे.

डबा घेऊन आलेली त्याची बायको वीणा म्हणाली, "अहो, एवढं थोरलं घर, आणि बाईमाणसाला बाहेर बघायला एक खिडकी नको?"

झालं! सूर्यकांतनं खिडकी कापली. वीणानं आपल्या हिरव्या काठाच्या साडीचा पडदा शिवून लावला. जत्रा भरली की ती संध्याकाळी प्लायवूडच्या मागे फळ्यांच्या माचावर स्टूल टाकून बसायची आणि गर्दी बघायची. खालून अरबांची पोरं हात हलवत. हीसुद्धा हलवी, अगदी युरोपातली राणी असल्यासारखी.

जत्रा संपली. चौक सुटा करून शारजातल्या गाळ्यात आणला. पाठोपाठ मे महिन्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि वीणा गेली.

बाकी घरं हळूहळू दुसऱ्या कामांत कापली गेली, पण पिवळ्या घराला सूर्यकांतनं करवत लावू दिली नाही. ते गाळ्याच्या तोंडाशीच उभं राहिलं. दिवेलागणीला त्या पडद्यामागे उजेड दिसायचा. मागे जाऊन बघावं तर ना वायर, ना बल्ब. नुसत्या आधाराच्या फळ्या.

भागीदार देवदत्त हसायचा. "काय सूर्यकांतराव, वहिनी आल्या का ड्युटीवर? हबीबी, समोरच्या गॅरेजचा लाइट पडतो तो. तुम्ही नाटकवाले म्हणजे ना!"

चार वर्षं अशी गेली. मग गाळा बदलायची वेळ आली. नवी जागा लहान, आणि देवदत्तनं निर्वाणीचं सांगितलं, "आता ते घर खलास करू." त्याच सुमारास लेक मुग्धा म्हणाली, "बाबा, यू नीड अ ब्रेक," आणि प्रागची तिकिटं काढून मोकळी झाली.

सूर्यकांतनं मनाशी ठरवलं. खऱ्या घराला तिथं खिडकी असली, तर आपली ती नक्कल. नक्कल मोडताना हात कापायला नको. नसली, तर मात्र ती खिडकी अख्ख्या जगात एकट्या वीणाची. तो देवदत्तला म्हणाला, "तिथून फोन करतो. तोवर हात लावू नकोस." देवदत्तनं मान डोलावली. पण भंगाराची गाडी त्यानं सांगून ठेवली होती, हे सूर्यकांतला ठाऊक होतं.

चौकात पाऊल टाकलं आणि तो कुणाला न विचारता चालू लागला. कुठलं वळण कुठं, कुठली कमान कितवी, सगळं पायांना पाठ. सवयीनं त्यानं एका भिंतीवर बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला नाही. दगड होता. सारी गर्दी माना वर करून घड्याळाकडे बघत होती. हा एकटा तिकडे पाठ करून कोपऱ्याकडे निघाला.

पिवळं घर होतं. आणि फोन नंबराच्या जागी कोरी भिंत. वरून खालपर्यंत पावसाच्या पाण्याचा एक नळ, बस्स. सूर्यकांत त्या भिंतीकडे मान वर करून किती वेळ उभा राहिला कोण जाणे. त्याचा हात आपोआप वर गेला आणि हलला.

"बाबा, हू आर यू वेव्हिंग ॲट? देअर्स नथिंग देअर."

"तेच तर बघायला आलो होतो, बाळ. तुझा मोबाइल दे."

शारजात एव्हाना अंधारून आलं असणार. देवदत्तनं पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

"देवदत्त, घर तोडू नकोस रे."

"नाही तोडलं." देवदत्त म्हणाला. "गाडी आली होती. परत पाठवली."

"का?"

"तो पठाण ड्रायव्हर... नवीनच होता हो, त्याला काय माहीत! दारातूनच म्हणाला, ‘भाईसाब, अंदर जो बाजी बैठी है, पहले उनको उठाओ.’ बाजी म्हणजे त्यांच्यात ताई."

सूर्यकांतनं पुन्हा त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"सूर्यकांतराव, मी बाहेर रस्त्यावर उभा आहे. समोरचं गॅरेज आज बंद आहे. शटर ओढू की नको, तेवढं सांगा."

"अर्धंच ओढ," सूर्यकांत म्हणाला. "तिला रस्ता दिसू दे."