दुसरं टोक कुठाय?

भालेरावकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं, ना पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या आईकडे. ते पाहत होते दाराच्या चौकटीवरून आत आलेल्या एका जुन्या वायरीकडे. तिच्यावर नजर ठेवून ते भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, कपाटामागे वाकले, बाल्कनीत डोकावून आले आणि मग पहिलं वाक्य बोलले, "याचं दुसरं टोक कुठाय?" आईने डोळ्यांनीच मला विचारलं, हा कोण माणूस? मी म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेत." वायर आधीच्या भाडेकरूच्या टीव्हीची होती आणि बाल्कनीत कापून सोडलेली होती. काकांनी शर्टाच्या खिशातून पक्कड काढली, ती वायर मुळापासून उपटली, गुंडाळून काखेत घेतली आणि मग पाणी प्यायले.

हो, शर्टाच्या खिशात पक्कड. लोक पेन ठेवतात, हे पक्कड ठेवायचे. मूळचे बुलढाण्याकडचे, पण सगळी नोकरी मुंबईत, टेलिफोन खात्यात. रस्त्यातल्या खड्ड्यात गुडघाभर पाण्यात बसून शेकडो रंगीत तारा एकमेकींना जोडायच्या, हेच काम तीस वर्षं. त्यातून त्यांचा एक कायदा तयार झाला होता आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवायचे: "सुटं टोक म्हणजे सुटलेलं कुत्रं. कधी कुणाला चावेल, नेम नाही." त्यांच्या घरातल्या प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधलेली असायची. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली चिठ्ठी, पांढरा दोरा आणि शाळेतल्या फळ्यावर असतं तसं गोल अक्षर. 'मिक्सर.' 'पंखा, बायकोच्या खोलीतला.' बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, पण चिठ्ठी काही त्यांनी बदलली नाही.

आमची दिंडोशीची बिल्डिंग डोंगराला अगदी पाठ लावून उभी आहे. तीन मजले, बारा घरं, आणि मोबाइलची रेंज म्हणाल तर फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. एरवी कुणाचं काही अडत नव्हतं. लॉकडाऊन लागला आणि सगळ्यांची वाट लागली. पोरांची शाळा घरात, मोठ्यांचं ऑफिस घरात, आणि गच्चीच्या त्या एका कोपऱ्यात एका वेळी उभे राहणार किती जण? माझी साकीनाक्याची नोकरी तर पहिल्याच महिन्यात गेली. मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायचे मी तिथे. युनिटला कुलूप लागलं, मालक गावी गेला, आणि मी आणि आई एकमेकींकडे बघत घरात.

इंटरनेटवाला आला, बिल्डिंगभर फिरला आणि म्हणाला, सोसायटीच्या ऑफिसपर्यंत एक लाइन देतो, वर घराघरात वायर ओढायला माझ्याकडे माणसं नाहीत. तुमची तुम्ही वाटून घ्या. आमचे सेक्रेटरी सावंत मूळचे मालवणचे. त्यांनी लगेच हात वर केले, "ह्यां काय आमच्याच्यान जमाचा नाय." मागून काका म्हणाले, "काऊन नाही जमणार?" सावंतांनी त्यांना समजावलं की भालेराव, हे टेलिफोन नव्हे, कॉम्प्युटर आहेत. काका शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटर कशातनं बोलतात? तारेतनं. तार मला कळते. बाकीचं ही पोरगी वाचून सांगेल." ही पोरगी म्हणजे मी, वय वर्षं अडतीस.

मग सुरू झालं ते कार्य! माळ्यांवरून, पलंगांखालून जुने कॉम्प्युटर बाहेर निघाले. काका जिन्याच्या झरोक्यांतून केबल सोडत गेले आणि मी खाली उभी राहून ओढत गेले. त्या केबलच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमाने पारदर्शक प्लगमध्ये बसवायच्या. काकांनी पहिला प्लग झटक्यात बसवला. चालला नाही. दुसरा बसवला, तोही नाही. मी कागद वाचून दाखवला तेव्हा कळलं, त्यांचे हात आपोआप टेलिफोनचा क्रम लावत होते, निळा पहिला. इथे नारिंगी पहिला. ते बराच वेळ त्या निळ्या तारेकडे बघत बसले. "तीस वर्षं हा पहिला होता गं," म्हणाले. मग कचकन दोन्ही प्लग कापले आणि नव्याने सुरुवात केली. त्यानंतर एकही प्लग चुकला नाही.

ऑफिसात सोळा भोकांचा एक डबा बसवला. त्याला स्विच म्हणतात. सगळ्या घरांच्या केबल त्यात येतात आणि तिथून एकमेकींशी बोलतात. इंटरनेटची लाइन जोडण्याआधीच काकांनी आमचं घर आणि सावंतांचं घर जोडून बघायला लावलं. मी माझ्या कॉम्प्युटरवरचं एक ड्रॉइंग सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि पाचच मिनिटांत खालून सावंत ओरडले, "अरे, मनीषाचो नट-बोल्ट माझ्या घरात इलो!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! काका जिन्यात उभे राहून फक्त म्हणाले, "झकास." आठवडाभरात अकरा घरं जोडली गेली. बारावं नाईकांचं. ते गावी अडकलेले, दाराला कुलूप. त्यांच्या केबलला दोन्हीकडे प्लग बसवून एक टोक डब्यात लावलं, आणि दुसऱ्याची चिठ्ठी घर जोडल्यावर बांधू म्हणून बाकीचं भेंडोळं काकांनी ऑफिसातल्या खिळ्याला टांगून ठेवलं. "आले की लावू," म्हणाले, पण जाता-येता त्या भेंडोळ्याकडे त्यांचं लक्ष जायचंच.

आणि नोकरी गेल्यावर सात महिन्यांनी मला मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी अकराला, कॉम्प्युटरवर. मुलाखत घेणाऱ्यांसमोर ड्रॉइंग करून दाखवायचं होतं, म्हणजे गच्चीत मोबाइल घेऊन भागणार नव्हतं. आईचे कानातले विकून झाले होते. ही नोकरी हातची गेली असती तर पुढे काय, हा विषय आम्ही घरात काढतच नव्हतो.

त्या दिवशी ऑफिस झाडायची पाळी नेमकी आमची. नऊ वाजता झाडू घेऊन खाली गेले तर एक केबल खिळ्यावरून निसटून जमिनीवर पडलेली. तिचं टोक सुटं! डोक्यात सगळी मुलाखत; मला वाटलं, कुणाचा तरी धक्का लागून डब्यातून निघाली. काकांच्या हाताखाली तयार झालेली मी, सुटं टोक बघवेल कसं? डब्यातल्या एका मोकळ्या भोकात टकदिशी लावून टाकलं आणि स्वतःवरच खूश होऊन वर आले.

वर येऊन कॉम्प्युटर लावला. काही नाही. बंद केला, परत लावला. काही नाही. तोवर जिन्यात बोंबाबोंब सुरू झाली, एकाही घरात चालत नव्हतं. इंटरनेटवाला गच्चीवरून लावलेल्या फोनवर म्हणाला, आमच्याकडून लाइन चालू आहे. दहा वाजले. काका गुडघे धरत धरत तीन मजले उतरून आले. डब्यावरचे सगळे हिरवे दिवे वेड्यासारखे एकदम लुकलुकत होते. काका कामाला लागले. एकेक केबल धरायची, चिठ्ठी वाचायची, काढायची, दिव्यांकडे बघायचं, परत लावायची. साडेदहा. पावणेअकरा. मी दारात उभी, रडायचं तेवढं बाकी होतं.

मग त्यांच्या हातात एक टोक आलं, ज्याला चिठ्ठीच नव्हती. त्यांनी ती केबल बोटांनी धरून पुढे नेली, जमिनीवरच्या वेटोळ्यातून फिरवली आणि परत त्याच डब्यापाशी आले. तिथे चिठ्ठी होती, 'नाईक'. "हिची दोन्ही टोकं इथंच," ते म्हणाले. "एकच निरोप गोल गोल फिरतोय. दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नाही. कुणी लावलं हे?"

मी पुढे होऊन म्हटलं, "काका, मी. सुटं होतं म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार. त्यांनी टोक उपटलं, दिवे शांत झाले, आणि ते गरजले, "पळ! उभी काय राहिलीस? आणि बाकीच्यांनो, तासभर कुणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पोरीची मुलाखत आहे!"

मी दोन-दोन पायऱ्या चढत धावले. दोन मिनिटं उरली होती. पडद्यावर तिघं जण दिसले आणि माझा आवाज त्यांना गेला. त्यांनी सांगितलेला भाग मी पहिल्या रेषेपासून शेवटच्या मापापर्यंत न अडखळता काढला. तासाभराने खाली आले तर काका स्टूल टाकून ऑफिसच्या दारात बसलेले, मांडीवर पक्कड. त्यांनी 'कसं झालं' विचारलं नाही. विचारलं, "शेवटपर्यंत गेलं?" मी म्हटलं, "शेवटपर्यंत गेलं, काका." तिसऱ्या दिवशी नोकरी पक्की झाली. आईने बारा मजल्यांना पुरेल एवढा शिरा केला, मजले तीनच असले तरी.

शिरा द्यायला गेले तेव्हा मी माफी मागितली. काका म्हणाले, "तू कशाला? मीच सगळ्यांना तसं शिकवलं. टोकाला जागा हवी हे सांगितलं, पण त्याच डब्यात परत नको, हे सांगायचं राहिलं." लगेच एक लग्नपत्रिका कापून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मला घेऊन खाली येऊन त्या टोकाला बांधली: 'हे टोक मोकळं सोडलं आहे. लावू नये. चूक माझी. भालेराव.' पुढे नाईक गावीच स्थायिक झाले, त्यामुळे ते टोक मोकळंच राहिलं.

मागच्या वर्षी काका गेले. झोपेतच. आता आमच्याकडे रेंज येते, घराघरात वायफाय आहे. परवा कंपनीचा माणूस आला होता, जुना डबा आणि केबल काढून टाकायच्या म्हणून. त्याने सगळ्या चिठ्ठ्या हसत हसत वाचल्या आणि त्या एका चिठ्ठीवर थांबला. "मॅडम, हे काय? याचं दुसरं टोक कुठाय?"

माझ्या आधी सावंतच बोलले, "बाकीचा सगळा ने. तेका हात लावायचो नाय." माणसाने बाकीचं सगळं नेलं. रिकाम्या भिंतीवर खिळ्याला एक भेंडोळं आणि ती चिठ्ठी आहे. पाळी आमची असली की मी ऑफिस झाडते, चिठ्ठीवरची धूळ पदराने पुसते आणि वर येऊन ड्रॉइंगला बसते.