फाटकावर घेतलेलं नाव

कंदाहार मुलखातल्या स्पिन बोल्डकच्या सरहद्दीवर हातगाडी ओढणाऱ्या बाझगुलला लोक असे प्रश्न विचारायचे, जसा काही तो दोन्ही देशांचा मंत्रीच होता. फाटक कधी उघडणार? आता आपलं काय होणार? अलीकडचे म्हातारे-आजारी पलीकडे पोचवायचे आणि येताना पिठाची पोती आणायची, एवढाच त्याचा परराष्ट्र संबंध. त्याच्या बापानंही जन्मभर हेच केलं. रशियन गेले तेव्हा बाप म्हणाला होता, आता बरं होईल. बाझगुल तेव्हा लहान होता, म्हणून त्याला ते खरं वाटलं.

यंदा उन्हाळ्यात दुसरे परदेशी सैनिकही निघाले. मग एका सकाळी फाटकावरचा झेंडा बदललेला दिसला, आणि पलीकडच्यांनी फाटक लावून घेतलं.

खैरूच्या चहाच्या दुकानात मात्र साऱ्या जगाचा कारभार चालला होता.

"इराणला आपलं पाणी हवं, चीनला डोंगरातलं तांबं हवं," एकजण म्हणाला. "आणि हे शेजारी! यांना आपण धड मेलेलेही चालत नाही, धड जगलेलेही नाही."

"आणि आपल्याला काय हवं, ते कोण विचारणार?"

"तुला फुकटचा चहा हवा," खैरू म्हणाला. "त्याला कशाला परिषद भरवायला पाहिजे?"

सगळे हसले. बाझगुलही हसला, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी बायकोचे नऊ महिने भरत आले होते, आणि गावातल्या एकुलत्या एक डॉक्टरीणबाई झेंडा बदलला त्याच दिवशी बोचकी बांधून निघून गेल्या होत्या. तो मनातल्या मनात एकच धावा करत होता, फाटक उघडेपर्यंत पोर थांबू दे.

पोर थांबलं नाही. एका सकाळी बायकोला रक्त जायला लागलं ते थांबेचना. दाईनं हात टेकले. "पलीकडच्या इस्पितळात ने. इथं ठेवलीस तर दोन्ही जीव जातील."

त्यानं गाडीवर रजई टाकली, बायकोला निजवलं, वरून चादर पांघरली आणि निघाला. थोरला नकीब लांब कंदाहारला वीटभट्टीवर, त्यामुळे सोबतीला कुणी नाही. इतकी वर्षं परक्यांची दुखणी ओढली, आज पहिल्यांदा घरचं ओढायचं होतं. त्यानं दांडा धरला.

"नकीबचे बाबा," चादरीखालून आवाज आला, "माझे पाय गार पडलेत हो."

उन्हानं रस्ता भाजून निघत होता. "आलंच बघ फाटक," तो म्हणाला, आणि पळायलाच लागला.

फाटकावर माणसांचा पूर लोटला होता. मागं जीपवर बंदुका घेतलेले नवे राज्यकर्ते बसले होते, पुढं तारांपलीकडे शेजाऱ्यांचे शिपाई. हुकूम सुटला होता की फक्त आजारी माणसाला सोडायचं, आणि तेही त्याचं नाव पलीकडे टेबलापाशी बसलेल्या साहेबाला ऐकू जाईल असं पुकारून. तारेपाशी उभा असलेला पलीकडचा शिपाई बाझगुलच्याच जमातीचा, ओळखीतला निघाला.

"नाव?"

"बाझगुल. विसरलास होय? परवापर्यंत माझ्या डबीतली तंबाखूची नसवार खात होतास."

"तुझं नव्हे, लाला," तो थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. "आजाऱ्याचं."

"नकीबची आई."

"नकीबच्या आया अख्ख्या कंदाहारात भरल्यात. खरं नाव सांग."

लग्न झाल्यापासून बायकोचं नाव बाझगुलच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. घरात 'अगं', चारचौघांत 'घरचे', औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा त्याचंच नाव. आणि इथं तर भाऊबंद उभे, दिलेल्या लेकीच्या सासरचे उभे. त्यापेक्षा डोक्यावरचा फेटा काढून दे म्हटलं असतं तर त्यानं दिला असता.

"कानात सांगतो," तो पुटपुटला.

"कानात सांगून काय करू? साहेब तिकडं लांब बसलाय. तुझ्या बायकोचं नाव मी कुठल्या तोंडानं ओरडू? तूच ओरड."

बाझगुलनं डोळे मिटले आणि जोरात ओरडला, "बाझगुल!"

साहेबानं मान वर करून पाहिलं. "बाप्या आहे? मग चादरीखाली बाई कशी? बनवाबनवी करतात लेकाचे. हटवा. पुढचा!"

गर्दीनं गाडी बाजूला रेटली. केवढी मूर्ख लाज ही! रजईतून ठिबकणारं रक्त चाकापाशी मातीत मुरत होतं. त्यानं चादरीत हात घालून तिचा पाय चाचपला. बर्फच.

"झरमीना!" तो किंचाळला. "साहेब, झरमीना! माझी बायको झरमीना! मरतेय हो ती!"

आसपासच्या पुरुषांनी माना खाली घातल्या आणि वाट दिली. शिपायानं फाटक गाडीपुरतं उघडलं. बाझगुल गाडी घेऊन निघाला, तर छातीवर दांडकं आलं.

"तू नाही, लाला. फक्त आजारी."

"अरे, तिकडं तिचं कोण आहे?"

"हुकूम आहे. माझ्या पोटावर पाय आणू नकोस."

तिकडच्या कुण्या परक्या गाडीवाल्यानं दांडा धरला आणि फाटक बंद झालं.

बाझगुल तारेला धरून उभा राहिला, आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. इस्पितळात तिला पुकारतील ते त्या नावानं. अर्धवट शुद्धीत असलेल्या, इतकी वर्षं नुसती 'नकीबची आई' असलेल्या बाईला ते नाव आपलं वाटेल?

"नकीबची आई!" तो जीव तोडून ओरडला. "तिथं झरमीना म्हणून हाक आली, तर ओ दे गं! ती तूच आहेस!"

गाडी पलीकडच्या गर्दीत शिरली. चादर हलली की नाही, ते त्याला दिसलं नाही.