दाजींच्या हातचं दार

माझ्या बहिणीने दोन वर्षांत घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि तिला कोंडलंय आमच्या दाजींच्याच हातच्या दाराने. दाजी म्हणजे तिचा नवरा, धंद्याने सुतार. रंधा हातात आला की जेवणखाण विसरणारा माणूस. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. काय करू?

त्यांची गल्ली जुनी. नगरपालिकेने ती जतन क्षेत्रात घातली, तेव्हा एक साहेब घरोघर नोंदी करत आले. त्याआधी पाचेक वर्षं दाजींनी वाळवीने खाल्लेलं दार जाळून नवं केलं होतं. लाकूड एका पाडलेल्या जुनाट गोदामाचं, खिळेही तिथलेच, फळ्यांवर वेलीची नक्षी, वर तेल आणि काजळी चोळलेली. साहेब दारावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "किती जुनं असेल हो?" दाजी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, "शंभरी ओलांडली असेल की." साहेबांनी लिहून घेतलं, मूळ दार. पुढे कितीतरी वर्षं दाजी हा किस्सा चहाबरोबर सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

मग ताईला अर्धांगवायू झाला. चाकांची खुर्ची आणली, ती दारापेक्षा चार बोटं रुंद निघाली. मागच्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. एकदा ताईला उचलून बाहेर काढताना दाजींचा पाय घसरला आणि दोघं उंबऱ्यावर आपटली. तेव्हापासून ती कुणाला उचलू देत नाही. चौकट रुंद करायचा अर्ज केला. उत्तर आलं, मूळ दाराला हात लावता येणार नाही, लावला तर खटला.

दाजी कचेरीत गेले, मी सोबत होते. आता त्या साहेबांच्या जागी एक बाई होत्या. दाजी म्हणाले, "बाई, ते दार मीच केलंय. तेव्हा थाप मारली."

"आजोबा, नकार आला की सगळे असंच म्हणतात."

पावती नाही, जुना फोटो नाही. बाईंनी तज्ज्ञ पाठवला. त्याने लाकूड तपासून सांगितलं, शंभर वर्षांच्या वरचं आहे. बरोबरच होतं ते, गोदामच तेवढं जुनं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"मग तसंच करून दाखवतो," दाजी म्हणाले. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तीन महिने खपून त्यांनी दाराची एक फळी घडवली. पण सत्तरी उलटलेली बोटं, थरथरतात. सांधा उघडा राहिला, नक्षीतली वेल वाकडी गेली. बाईंनी ती फळी पाहिली, मग दाराचा फोटो पाहिला, आणि हळूच म्हणाल्या, "हे दोन्ही एकाच हाताचं वाटतं का, तुम्हीच सांगा."

मला वाटलं, भांडतील. पण दाजींनी फळी कापडात गुंडाळली. "नाही वाटत," एवढंच म्हणाले.

नियमाप्रमाणे मूळ दाराला दर वर्षी तेल द्यावं लागतं. परवा मी गेले तेव्हा दाजी तेच करत होते, एका हाताने दुसरा हात धरून. ताई आत खुर्चीत, उघड्या दारासमोर. रस्ता तिच्यापासून चार पावलांवर. तिची जीभ जड झालीय, तरी शब्द नीट कळले.

"अहो, तेव्हा दार जरा वाईट करायचं होतं ना."

दाजींनी मान डोलावली आणि खालच्या कोपऱ्याला तेल चोळत राहिले.