बूट धरायचे आणि गप्प बसायचं

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मदतनीस असलेल्या मावशींचं एक ठाम मत होतं: पोरं खुर्चीला भीत नाहीत, आईबापांच्या चेहऱ्याला भितात. म्हणून पोर खुर्चीत बसलं रे बसलं, की मावशी त्याचे बूट काढून सोबतच्या माणसाच्या हातात द्यायच्या. "हे दोन्ही हातांनी धरायचे आणि गप्प बसायचं." हात गुंतलेले असले की पोराचा हात आवळता येत नाही, हा त्यातला डाव. एकदा एक धिप्पाड बाप इवलेसे गुलाबी बूट अर्धा तास छातीशी धरून बसला होता आणि पोरगीच त्याला धीर देत होती.

दुसरा नियम त्याहून कडक. 'दुखणार नाही' असं कुणी म्हणायचं नाही. "थाप मारलीत तर पोर पुन्हा तोंड उघडेल का? सुई टोचणार, पाच मोजेपर्यंत. मग नाही."

तर अशा या मावशींची सात वर्षांची नात एका सकाळी गाल सुजवून आली. दुधाची दाढ मुळापर्यंत किडलेली. आज तोंड उघडलं नाही, तर मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागणार होती. नात खुर्चीत बसली आणि मावशी तिचे बूट काढायचंच विसरल्या. तिचा हात गच्च धरून त्या बोलून गेल्या, "काही दुखणार नाही हं, राणी."

नातीने ओठ घट्ट मिटले. तिला आजीचे नियम पाठ होते.

डॉक्टरबाईंनी सुई बाजूला ठेवली, नातीचे बूट काढले आणि मावशींपुढे धरले. "धरा. आज तुम्ही घरचं माणूस."

मावशी ओशाळल्या, पण आढेवेढे न घेता स्टुलावर बसल्या. "खोटं बोलले गं मी. मीच घाबरले. सुई टोचणार, पाच मोजेपर्यंत."

"नक्की पाच?"

"नक्की."

तोंड उघडलं. सुई टोचली तशी नात बोटं उघडत मोजू लागली. पाच झाली. सहावं बोट उघडलं, मग सातवं. मावशींनी बूट आवळले, पण चकार शब्द काढला नाही.

दाढ निघाली. बधिर ओठांनी नात बोबडं बोलली, "आजी, सात झाले."

बावीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिलंच पोर खुर्चीत बसलं. मावशींनी त्याचे बूट त्याच्या आईच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "सात मोजायचे, बाळा. खात्री करून घेतलीय."