‘ओढा’ कुणी म्हणायचं

सगळे तिला भोंगाताई म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. आवाजच तसा! तळमजल्यावरून तिनं हाक मारली की चौथ्या मजल्यावरच्याच्या हातातला चहा सांडायचा. मोठ्या इमारतींत विजेची मनगटाएवढी जाड केबल पाइपातून वर न्यायची, तर तिला बांधलेला दोर वरून ओढणाऱ्यांना खालचं काही दिसत नाही. त्यांचे डोळे म्हणजे ताईचा आवाज. खाली पाइपाच्या तोंडाशी तिचा धाकटा भाऊ केबलला साबण चोपडून ती आत सरकवायचा. नियम एकच: ‘थांबा’ कुणीही म्हणावं, ‘ओढा’ फक्त ताईनं. म्हणून तर इतक्या वर्षांत कुणाचं नखसुद्धा उखडलं नव्हतं.

त्या दिवशी बांधकामाचे साहेब आले. इमारत उघडायची तारीख ठरलेली, त्यामुळे नुसती घाई. मध्येच केबलला पीळ पडला. भाऊ म्हणाला, “थांबा.” ताईनं ते वर पोचवलं, आणि पीळ काढायला भावानं पाइपाच्या तोंडात बोटं घातली. तेवढ्यात जिन्याशी उभ्या साहेबांनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

“ओढा रे! झोपलात काय?”

आणि वरच्यांनी ओढलं! अरे, कान होते ना तुम्हाला? आवाज ताईचा नाही, हे कळलं नाही होय? कळलं होतं. “साहेबांचा होता, ताई,” ते नंतर मान खाली घालून म्हणाले. भावाची दोन बोटं गेली.

आता चोराच्या उलट्या बोंबा ऐका. दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “हात आत घातलाच कशाला त्यानं? चूक त्याची. पुन्हा कामावर येऊ नको म्हणावं.” केबल अर्धवट अडकलेलीच होती. “हं बाई, म्हणा ओढा.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी कशाला? तुम्हालाही गळा आहे की!”

साहेब ओरडले, “ओढा!” केबल तसूभर हलली नाही. पुन्हा ओरडले, आवाज चिरकला. वरचे सगळे दोर धरून ढिम्म बसून होते.

“बरं, म्हणते मी,” ताई म्हणाली. “पण केबलपाशी माणूस नाही. तुम्ही या. बोटं इथे, आत ठेवा. चूक माझ्या भावाचीच होती ना? मग तुम्हाला कसली भीती?”

साहेबांनी पाइपाच्या तोंडाकडे पाहिलं. कडेचा साबण अजून लालसर होता. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

“मग काल ओरडलात तेवढ्याच मोठ्यानं वर सांगा, चूक कुणाची ते.”

मग साहेब खाली बघत पुटपुटले, “माझी.”

वरून सगळे एकदम ओरडले, “ऐकू आलं नाही, साहेब!”