देवाचं पहिलं मशीन

लाँड्रीवाल्या काकांचा देवाशी मामला एकदम सरळ होता. सकाळचं पहिलं मशीन देवाचं. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या चादरी आणि अभ्रे, धुलाई फुकट. मशीन सुरू करण्याआधी काका त्याच्यापुढे हात जोडून, डोळे मिटून उभे राहत. नवखं गिऱ्हाईक हळूच विचारी, "बिघडलंय का हो?"

कल्पना मूळची काकूंची. दुकान उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "देवाला द्यायचं तर ताजं द्या. दमूनभागून उरलेलं काय द्यायचं?" आणि वर एक अट घातली: या मशीनमध्ये घरचा रुमालसुद्धा जायचा नाही. एकदा काकांचा मोजा चुकून आत गेला, तर त्यांनी सगळं मशीन पुन्हा चालवलं.

"वास वरपर्यंत गेला वाटतं," काकू म्हणाल्या.

"तुझीच अट!"

"अट माझी, डोकं तुमचं."

पुढे काकूच अंथरुणाला खिळल्या. लेक मदतीला येऊन राहिली. ती म्हणाली, "बाबा, आईच्या चादरी पहिल्या मशीनला लावा. तीही आजारीच आहे ना?"

"घरचं त्यात नाही."

काकूंच्या चादरी काका घरीच हाताने धूत. काकू पडल्या पडल्या हुकूम सोडत, "नीट पिळा. फुकटचं गिऱ्हाईक म्हणून अंगचोरी नको!"

एका सकाळी काका किल्ल्या घेऊन निघाले, तर काकूंनी त्यांची बाही धरली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"आज जरा उशिरा जा."

"देवाचं मशीन लावतो आणि हा आलोच. पाऊण तास."

"बरं," काकू म्हणाल्या. बाही मात्र सुटेना. काकांनी ती हळूच सोडवून घेतली.

पाऊण तासाने ते परतले, तेव्हा लेक दारात उभी होती.

"तुम्हाला विचारत होती," एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. लोक म्हणाले, केवढी श्रद्धा! बायको गेली त्या सकाळीसुद्धा देवाचं मशीन चुकलं नाही. ते कौतुक काकांना कानशिलात बसल्यासारखं लागे. चादरी ते धूत होते. चादरींचा काय दोष? पण मशीनपुढे आता डोळे मिटत नसत. मिटले की कुणीतरी बाही ओढी.

अशाच एका सकाळी एक बाई धापा टाकत आपल्या आईच्या चादरी न्यायला आल्या.

"आईजवळ कोण आहे?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही. गठ्ठा घेतला की पळतेच."

"अहो, मग आलात कशाला!"

काका एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की बाई दोन पावलं मागे सरकल्या. काकांनी मशीन मध्येच बंद केलं, गठ्ठा काखेत मारला आणि त्यांच्या पुढे तरातरा चालू लागले. घर कुठे आहे, हे ठाऊक नसताना.

"काका, डावीकडे!" बाई मागून ओरडल्या.

म्हातारी झोपली होती. काका उंबऱ्याशीच थबकले. तिच्या अंगावरची चादर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

"झोपलीये हो," बाई म्हणाल्या.

"हात धरा त्यांचा," काका कसंबसं म्हणाले आणि तोंड फिरवून बाहेर आले.

तेव्हापासून चादरी आणायला आणि पोचवायला ते स्वतःच घरोघर जातात. पहिलं मशीन लागायला पार उशीर होतो. देवाला थांबावं लागतं. काका त्याची माफी मागत नाहीत.